बुद्धी यंत्राची, शब्द कोणाचे?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी शेतीमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी एक स्वतंत्र धोरण संमत केले. 'महाकृषी-एआय' या नावाने ओळखले जाणारे हे धोरण २०२५ ते २०२९ या काळासाठी असून त्याच्या पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. त्याआधी मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने दहा हजार कोटींहून अधिक खर्चाच्या राष्ट्रीय मोहिमेला मान्यता दिली होती. आकडे मोठे आहेत, उद्देशही चांगला आहे. तथापि भंडारा जिल्ह्यात, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून या घोषणांकडे पाहणाऱ्या माणसाच्या मनात एक साधा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. हे यंत्र ज्ञानी झाले असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु ते शिकले कोणाकडून, आणि जे शिकले त्यात आमचे असे काय आहे?

हा प्रश्न वरवर पाहता अभिमानाचा वाटेल. वस्तुतः तो व्यवहाराचा आहे. या शास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत जी वळणे घेतली, ती नीट ध्यानात घेतली म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व कळून येते.

नियमांचे युग

'कृत्रिम बुद्धिमत्ता' ही संज्ञा १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे भरलेल्या संशोधकांच्या मेळाव्यापासून रूढ झाली. तिचे जनकत्व जॉन मॅकार्थी यांच्याकडे जाते. विचाराला नियम असतात, ते नियम नेमकेपणाने सांगता आले तर यंत्रालाही विचार करता येईल, अशी त्या काळातील अनेक संशोधकांची श्रद्धा होती. महाराष्ट्रही या प्रयत्नांपासून दूर नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा देशात बांधलेला संगणक चालू झाला. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले त्या प्रा. आर. नरसिंहन यांनी पुढे चित्रातील आकृतींची रचना यंत्राला कशी उमजावी, माणसाचे भाषिक वर्तन कसे समजून घ्यावे, या प्रश्नांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९८२ मध्ये जपानने 'पाचव्या पिढीच्या संगणका'चा संकल्प सोडला तेव्हा साऱ्या जगात खळबळ उडाली. १९८६ मध्ये भारतानेही संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य घेऊन ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींचा प्रकल्प हाती घेतला. ज्या १९८८ साली पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी झाली, त्याच साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि तीनच वर्षांनी तिने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला.

नियमांच्या मार्गाने काही कामे साधली, पण आशा फळाला आली नाही. ब्रिटनमध्ये सर जेम्स लाइटहिल यांच्या १९७३ च्या अहवालाने या संशोधनावर कठोर टीका केली होती. जपानचा प्रकल्पही १९९२ च्या सुमारास गाजावाजा न होता आटोपला. याचे कारण सांगण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे नावाचे एक अल्पभूधारक शेतकरी होते. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही लोंब्या इतरांपेक्षा निराळ्या असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या आणि त्यांतून 'एचएमटी' हे बारीक दाण्याचे वाण सिद्ध केले. आता त्या लोंब्या वेगळ्या आहेत हे दादाजींनी कोणत्या नियमाने ओळखले? त्यांना तो नियम सांगता आला नसता. कदाचित कोणालाच सांगता येणार नाही. ते ज्ञान नजरेत होते. नियमांवर चालणारे यंत्र नेमके येथेच अडत होते.

पाहून शिकणारे यंत्र

यावर उपाय निघाला तो निराळ्या दिशेने. नियम सांगू नका. उदाहरणे दाखवा आणि यंत्राला आपले आपण शिकू द्या, असे म्हणणारा संशोधकांचा एक गट प्रथमपासून होताच. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली एक गणिती रचना त्यांनी कल्पिली होती. अशा जाळ्याला चुकांवरून शिकवण्याची रीत रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ मधील निबंधाने प्रतिष्ठित केली. परंतु तिला लागणारी उदाहरणे आणि यंत्रशक्ती या दोन्ही गोष्टी तेव्हा तुटपुंज्या होत्या. त्या उपलब्ध झाल्या तेव्हा, २०१२ मध्ये, चित्रे ओळखण्याच्या एका स्पर्धेत हिंटन यांच्या शिष्यांनी इतरांना फार मागे टाकले. २०१७ मध्ये आठ संशोधकांच्या एका निबंधाने भाषेसाठी नवी रचना मांडली. त्या आठांपैकी निकी परमार यांचे संगणकशास्त्राचे शिक्षण पुण्यात झालेले आहे. त्याच रचनेवर उभारलेले 'चॅटजीपीटी' ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे आले, आणि तोवर प्रयोगशाळेत असलेला विषय शाळा-कचेऱ्यांत बोलला जाऊ लागला. २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड व जेफ्री हिंटन यांना मिळाले, तेव्हा या मार्गावर विद्वज्जगताची मोहोर उठली.

या यंत्रांच्या शिक्षणाची रीत समजायला कठीण नाही. अब्जावधी वाक्ये यंत्रापुढे ठेवतात. वाक्य अर्धवट तोडून पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज करावयास लावतात. अंदाज चुकला की आतले आकडे किंचित बदलतात. हे असंख्य वेळा घडले की यंत्राला वाक्याची, व्याकरणाची, बऱ्याच अंशी अर्थाचीही जाण आल्यासारखे दिसते. ती खरी जाण म्हणावी की नाही, यावर पंडितांचे मतभेद आहेत आणि ते लवकर मिटतील अशी चिन्हे नाहीत. आपल्याला महत्त्वाची आहे ती दुसरीच गोष्ट. पूर्वी यंत्राचे ज्ञान त्याला नियम सांगणाऱ्या तज्ज्ञाच्या विद्वत्तेइतके असे. आता ते त्याच्यापुढे ठेवलेल्या मजकुराइतके असते. जे कोठेतरी लिहिले, टिपले, चित्रित केले गेले, तेवढेच त्याचे जग. जे लिहिले गेले नाही, ते त्याच्या लेखी घडलेच नाही.

आपला वाटा किती?

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाख होती. जगातील अनेक राष्ट्रांची लोकसंख्या याहून थोडी आहे. असे असूनही यंत्रांच्या शिक्षणासाठी आंतरजालावरून जे प्रचंड मजकुराचे साठे गोळा केले जातात, त्यांपैकी सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या एका साठ्यात इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक, तर मराठीचा एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आनंद रास्तच आहे. परंतु अभिजात दर्जाचा पुरावा ताम्रपट व ग्रंथांतून देता आला, आणि यंत्राला ताम्रपट वाचता येत नाहीत.

या दारिद्र्याला आपणही थोडेबहुत जबाबदार आहोत. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कचेऱ्या, छापखाने, शाळा यांतून मराठी मजकूर संगणकावर काही थोडा लिहिला गेला नाही. पण त्यातला मोठा भाग 'कृतिदेव', 'श्रीलिपी' यांसारख्या जुन्या टंकांत आहे. या टंकांत पडद्यावर दिसते ती देवनागरी. आत साठवलेली असतात रोमन अक्षरांसाठीची चिन्हे. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावरच्या संगणकात उघडली आणि सगळा मजकूर अगम्य अक्षरांचा ढीग होऊन पुढे आला, हा अनुभव कोणत्या कारकुनाला नाही? यंत्रापुढेही तोच ढीग येतो. म्हणजे आपण लिहिले नाही असे नव्हे. आपण लिहिले ते वाचता येईल अशा रीतीने ठेवले नाही.

या सगळ्यात मराठीची जी स्थिती, तिच्याहून झाडीबोलीची बिकट. पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला भाताचे खाचर म्हणतो, ती आमच्याकडील बांधी. तो ज्याला बांध म्हणतो, तो आमचा धुरा. त्याची लावणी ती आमची रोवणी. त्याची रोपे ते आमचे पऱ्हे. कापून बांधीत वाळत ठेवलेले धान म्हणजे कडपा. भारे बांधून रचलेली गंजी म्हणजे पुंजणे. पुस्तकी मराठीवर पोसलेल्या यंत्राला 'बांधीत पाणी शिरले' हे वाक्य ऐकून बांध आठवला, तर त्यात नवल नाही. आणि यंत्राचा स्वभाव असा की 'मला ठाऊक नाही' असे ते क्वचितच म्हणते. नवख्या तलाठ्याला शब्द अडला तर तो कोतवालाला विचारतो. यंत्र विचारीत नाही. ते अडखळल्याशिवाय, शुद्ध भाषेत, चुकीचे उत्तर देते.

शब्दाची किंमत

हा केवळ बोलीप्रेमाचा विषय आहे असे कोणी समजू नये. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या राष्ट्रीय नियमांत कापणीनंतरच्या नुकसानीसाठी एक तरतूद आहे. कापून शेतात पसरून, अथवा लहान पेंढ्या बांधून, वाळत ठेवलेल्या पिकाचे अवकाळी पावसाने नुकसान झाले तर कापणीपासून १४ दिवसांपर्यंत त्याला संरक्षण मिळू शकते; मात्र नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली पाहिजे. राज्याने ही जोखीम आपल्या योजनेत घेतली असेल त्या हंगामात कडपा भिजल्या की पुंजणे भिजले, या प्रश्नाच्या उत्तरावर पैसे मिळणे न मिळणे अवलंबून राहते. उद्या ही सूचना दूरध्वनीवर माणसाऐवजी यंत्राने नोंदवून घेण्याचे ठरले आणि लाखांदूरची एखादी शेतकरी स्त्री आपल्या बोलीत 'कडपा भिजल्या' असे म्हणाली, तर त्या यंत्राने काय लिहून घ्यावे? त्याला हा शब्द कोणी शिकवला असेल तरच तिचा अर्ज योग्य रकान्यात पडेल. नाहीतर ७२ तास निघून जातील आणि दोष मात्र 'अर्जदाराने अचूक माहिती दिली नाही' असा तिच्या माथी येईल.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. पिकाचे उत्पादन किती आले हे ठरवण्याची आपल्याकडील रूढ पद्धत म्हणजे पीक कापणी प्रयोग. ठरलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, पंच व कर्मचारी यांच्यासमोर तो कापायचा, मळायचा, तोलायचा. या पद्धतीत उणिवा होत्या, हातचलाखीही होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. खरीप २०२३ पासून केंद्राने धान व गहू या पिकांसाठी नवी व्यवस्था आणली: उपग्रहाची चित्रे, हवामानाच्या नोंदी व गणिती प्रतिमाने यांवरून काढलेल्या अंदाजाला उत्पादनाच्या हिशेबात किमान तीस टक्के वजन द्यावे. पद्धत वस्तुनिष्ठ आहे. ती लाच घेत नाही आणि थकत नाही. परंतु धानाचे तुडतुडे बुंध्याशी, पाण्यालगत बसून रस शोषतात. वरून पाहणाऱ्याला शेत बरेच दिवस हिरवेगार दिसते. करपलेले चट्टे आकाशातून दिसू लागतात तोवर शेतकऱ्याचे जे जायचे ते गेलेले असते. अंदाज करणाऱ्या प्रतिमानाला हे कळावे यासाठी त्याला आमच्या मातीतील, आमच्या वाणांची, तुडतुडे लागलेल्या बांध्यांची पुरेशी उदाहरणे दाखवली गेली पाहिजेत. ती कोणी जमवली? कोठे ठेवली आहेत?

पूर्वी प्रयोगाच्या दिवशी शेतकरी तेथे उभा असे. तराजू त्याला दिसत असे. माप चुकले तर भांडता येत असे. अंदाज यंत्राचा असेल तर त्याने भांडावे कोणाशी? तालुका कचेरीतील माणूस म्हणेल, आकडा वरून आला. वरचा म्हणेल, आकडा यंत्राने काढला. यंत्र काहीच म्हणणार नाही. या विषयाचा खरा गाभा येथे आहे. यंत्र माणसापेक्षा शहाणे होईल काय, या प्रश्नावर परदेशी पंडित हिरिरीने वाद घालीत आहेत. आमच्यापुढचा प्रश्न यंत्राने घेतलेल्या निर्णयाला उत्तरदायी कोण, हा आहे.

जेथे जमले, तेथे का जमले?

याचा अर्थ हे तंत्र नको असा कोणी काढील तर तो अन्याय होईल. २०१७ च्या हंगामात विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळीने थैमान घातले. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले. फवारणी केव्हा करावी आणि केव्हा करू नये, हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढले की यंत्र ते मोजते आणि फवारणीची वेळ आली आहे किंवा नाही याचा सल्ला देते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर चाललेल्या प्रयोगांची चर्चाही आपण ऐकली आहे. या प्रयत्नांत एक समान गोष्ट आढळते. प्रश्न नेमका निवडला गेला, आणि त्या प्रश्नाची उदाहरणे शेतात जाऊन, मेहनतीने गोळा केली गेली.

जगाच्या पातळीवरचे सर्वांत लखलखीत उदाहरण घेतले तरी निष्कर्ष तोच निघतो. प्रथिनांच्या रेणूंची घडण ओळखणाऱ्या 'अल्फाफोल्ड' या प्रणालीसाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पन्नास वर्षे न सुटलेले कोडे यंत्राने सोडवले, असे त्याचे वर्णन झाले आणि ते योग्यच आहे. परंतु हे यंत्र शिकले ते १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रथिनांच्या एका खुल्या नोंदसंग्रहावरून. देशोदेशींच्या संशोधकांनी अर्धशतक एकेका रेणूची नोंद बिनचूक करून सर्वांसाठी खुली ठेवली. त्यांत नोबेल न मिळालेले असंख्य लोक होते. म्हणजे या शास्त्रातील अत्युच्च यशाखालीसुद्धा वह्या नीट ठेवणाऱ्यांचे काम आहे. शिक्षक आणि कारकून यांनी ही गोष्ट विसरू नये.

नोकरी आणि अभ्यास

शिक्षक-कारकुनांच्या मनातील भीतीला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऐंशीच्या दशकात बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला. संगणक आले, खातेवह्या गेल्या, काम बदलले. खिडकीमागचा माणूस मात्र लगोलग नाहीसा झाला नाही. त्यावरून या वेळीही तसेच होईल असे आश्वासन देणे धाडसाचे ठरेल. तेव्हाच्या यंत्राने बेरीज घेतली होती. आताचे यंत्र मसुदा लिहिते, टिपण तयार करते, पत्राला उत्तर देते. ज्याचे काम केवळ ठरीव नमुन्याचा कागद पुढे सरकवण्याचे आहे, त्याची जागा धोक्यात आहे. पण मसुदा बरोबर आहे काय हे तपासणारा, अर्जदाराला काय म्हणायचे होते हे ओळखणारा आणि चुकीच्या आदेशावर सही करण्यास नकार देणारा माणूस कचेरीला लागणारच आहे. तो नसेल तर कचेरीही उरणार नाही.

शाळेतील प्रश्न निराळा आहे. निबंध यंत्राकडून लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्याला पकडण्यात शिक्षकाने शक्ती खर्च करावी, यात फारसे हित नाही. यंत्राने लिहिलेल्या गावाच्या माहितीत किती चुका आहेत ते आजोबांना, ग्रामपंचायतीच्या दप्तराला, तलावाच्या पाळीला विचारून शोधून आणा, असा अभ्यास त्याने दिला तर विद्यार्थी यंत्राचे सामर्थ्य व मर्यादा एकदमच शिकेल.

संशोधनाची पुढची वाट

या शास्त्राची पुढील दिशा कोणती, याविषयी संशोधकांत आज दोन प्रवाह दिसतात. अधिकाधिक मोठी यंत्रे, अधिक वीज, अधिक मजकूर या मार्गाने जावे, असे एक पक्ष म्हणतो. लहान, काटकसरी, एका कामात निपुण आणि आपल्या उत्तराची कारणे दाखवू शकणारी यंत्रे घडवावीत, असे दुसऱ्याचे मत आहे. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या 'डीपसीक'ने अल्प खर्चात समर्थ यंत्र घडवल्याचे जाहीर केले, तेव्हा दुसऱ्या पक्षाला बळ आले. भारतासारख्या देशाचे, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याचे हित या दुसऱ्या मार्गात अधिक आहे हे उघड आहे. पहिल्या मार्गावर पैसा हे भांडवल लागते. दुसऱ्यावर निवडक, खात्रीची, स्थानिक माहिती. ते भांडवल आपल्याजवळ आहे.

या दिशेने काम सुरूही झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांच्या अर्थसंबंधांचे 'वर्डनेट' अनेक वर्षांपूर्वीच हाती घेतले गेले. त्याच संस्थेच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर २०२४ मध्ये 'भारतजेन' हा भारतीय भाषांतील यंत्रांचा प्रकल्प जाहीर झाला. पुण्यातील 'एल-थ्री-क्यूब' या गटाने २०२२ मध्ये सुमारे अडीच कोटी मराठी वाक्यांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. जुलै २०२२ पासून केंद्राचा 'भाषिणी' प्रकल्प भाषांतर व वाणी यांवर काम करीत आहे. या उद्योगांचे कौतुक केलेच पाहिजे. मात्र मजकूर जेथून सहज मिळतो तेथून तो उचलला जाणार, हे ओघानेच येते. शहरी, छापील, वृत्तपत्री मराठी त्यात भरपूर येईल. दंडारीतील संवाद, रोवणीच्या वेळचे बोलणे, मंडईतील भावटाव आपोआप येणार नाहीत.

करता येण्यासारखे

मग काय करावे? मुंबई-दिल्लीकडे तोंड करून मागण्यांचे निवेदन द्यावे, हा आपला नेहमीचा मार्ग. पण हे काम येथेच सुरू होऊ शकते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकाने झाडीबोलीच्या संशोधनात आपले आयुष्य घातले आहे. त्या पायावर प्रत्येक तालुक्यातील शिक्षकांनी शेतीचे, सणांचे, रोगराईचे, नात्यागोत्याचे शब्द अर्थासह व उच्चारासह नोंदवावेत. साकोलीला कृषी संशोधन केंद्र आहे, महाविद्यालये आहेत. करपा, कडाकरपा, गादमाशी, तुडतुडे यांची छायाचित्रे पऱ्ह्यापासून कापणीपर्यंत, तारीख, गाव व वाण यांसह विद्यार्थ्यांनी काढावीत आणि जाणत्याकडून तपासून घ्यावीत. जिल्हा परिषदेने व कचेऱ्यांनी जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणावा. यापैकी कशालाही पाचशे कोटी लागत नाहीत.

परंतु हे देताना एक अट आपण घातलीच पाहिजे. दादाजी खोब्रागडे यांचे वाण राज्याबाहेरही पोहोचले. त्यांना मात्र श्रेय उशिरा आणि मोबदला अगदी थोडा मिळाला. जून २०१८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची परिस्थिती बेताचीच होती. नजर त्यांची, पीक सगळ्यांचे, नफा तिसऱ्याचा, असे पुन्हा होता कामा नये. जिल्ह्याने जमवलेल्या शब्दांवर, चित्रांवर, आवाजांवर जिल्ह्याचे नाव असावे. ते कोणत्या कामी वापरले जातात हे विचारण्याचा अधिकार असावा. आणि त्यांवरून बनलेले यंत्र येथल्या माणसाविषयी निर्णय देणार असेल तर त्या निर्णयाची कारणे मराठीत सांगण्याची व चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या अधिकाऱ्यावर असावी.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने आणि गावोगावच्या कष्टकऱ्यांनी बांधलेल्या या तलावांवर पिढ्यान्पिढ्या धान पिकले. पाळीची डागडुजी कोणी करावी, पाणी कोणत्या बांधीला केव्हा मिळावे, याचे दंडक ठरलेले होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ते न्याय्यच झाले. पण मालकी एकीकडे, उपयोग दुसरीकडे आणि डागडुजी कोणाचीच नाही अशी अवस्था आली, आणि कितीतरी तलाव गाळाने भरले. माहितीचा साठा हाही एक तलावच आहे. त्यात पाणी आमच्या शिवारातून वाहत जाणार असेल, तर त्याची पाळ कोठे असावी आणि मोरी कोणाच्या हाती असावी, हे पाणी वाहून जाण्यापूर्वीच ठरले पाहिजे. यंत्राला शहाणे करण्याचे काम मोठमोठ्या प्रयोगशाळा करतीलच. त्याला आपले शब्द शिकवण्याचे, आणि त्याने चुकीचे उत्तर दिले तर ते चूक आहे असे निर्भयपणे सांगण्याचे काम मात्र येथील शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्यानेच केले पाहिजे.